काट्यावर १६,९५०, स्क्रीनवर ६,९५०: एका यूएसबी-सीरियल ड्रायव्हरचं प्रकरण

मुंबईच्या दारूखान्यातली एक भंगाराची वखार, रे रोड स्टेशनच्या पूर्वेला. आत स्वतःचा वजनकाटा आहे, अख्खा ट्रक चढतो तो मोठा. काट्याचा इंडिकेटर, म्हणजे लाल आकडे दाखवणारा डबा, केबिनमध्ये ठेवलेला आणि त्याच्या मागून एक यूएसबी वायर कॉम्प्युटरला. पावती कॉम्प्युटरवरून निघते, भरलेली गाडी, खाली गाडी, नेट. जुना विंडोजवाला पीसी पावसाळ्यात गेला म्हणून शेठनी मिनी पीसी घेतला, सॉफ्टवेअर बघणाऱ्या पोराने त्यावर डेबियन लिनक्स टाकलं (लायसनचे पैसे वाचतात एवढंच कारण, आणि त्यात काही वावगं नाही), त्याचा पावतीचा प्रोग्रॅम पायथनमध्येच होता, तो लगेच उठला.

अडलं ते इंडिकेटरवर. यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर या डब्याच्या आतच बसवलेला आहे, बाहेर फक्त यूएसबीचं चौकोनी भोक. एलएसयूएसबीला (यूएसबीवर काय काय लागलंय ते दाखवणारी कमांड) डिव्हाइस दिसतंय, पण टीटीवाय-यूएसबी-झिरो, म्हणजे प्रोग्रॅमने उघडायचा सीरियल पोर्ट, काही तयार होत नाही, कारण त्याचा व्हेंडर आयडी-प्रॉडक्ट आयडी कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, कुठल्याच ड्रायव्हरच्या (डिव्हाइसशी बोलणाऱ्या कोडच्या) यादीत नाही आणि इंटरफेसचा क्लास एफएफ, म्हणजे "आमचं आम्ही बघू" छाप. सीडीसी-एसीएम, म्हणजे यूएसबी-सीरियलचा स्टँडर्ड प्रकार, असता तर क्लास बघूनच ड्रायव्हर लागला असता, इथे तोही मार्ग बंद. कंपनीकडे मागितलं तर विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी, बास.

आता कोणी म्हणेल लॅमिंग्टन रोडवर जा, नेहमीच्या चिपचा कन्व्हर्टर काही शे रुपयात मिळतो, विषय संपला. मीपण आधी तेच म्हणालो असतो. पण डब्याला वैधमापनचं, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचं, सील आहे. आतला बोर्ड बदलायचा तर सील तोडायचं, मग लायसनवाला रिपेअरर, मग परत पडताळणी, आणि तोपर्यंत काटा बंद. शेठ एक दिवस काटा बंद ठेवायला तयार नाहीत. त्यामुळे हार्डवेअर जसं आहे तसंच धरून चालायचं होतं.

पोराने नेटवर शोधून जो सोपा उपाय असतो तो केला, आयडीची जोडी सिसएफएसमधल्या (कर्नलचे सेटिंग फाइलसारखे दाखवणारी जागा) जेनेरिक, म्हणजे कुठल्याही एका चिपचा नसलेल्या, ड्रायव्हरच्या न्यू-आयडी फाइलमध्ये लिहिली. टीटीवाय-यूएसबी-झिरो आला, आकडे यायला लागले. वखारीतला रिकामा टेम्पो काट्यावर घेतला, डब्यावर ३,५६०, स्क्रीनवर ३,५६०. दुसरी खाली गाडी ९,६५०, तीपण बरोबर. चालू करून पोरगा गेला.

मग भरलेला ट्रक आला. डब्यावर १६,९५०, पावतीवर ६,९५०. गाडी खाली होऊन परत काट्यावर आली तेव्हा ६,३५०, म्हणजे साडेदहा टनाच्या वर माल आणि पावती म्हणते ६०० किलो. त्याच्यानंतरचा ट्रक १४,२८० होता, स्क्रीनवर चक्क शून्य. पोराला फोन गेला, तो म्हणाला केबल लूज असेल. केबल बदलली. तसंच.

मला बोलावलं तोपर्यंत काट्यावरच्या मुनीमजींनी स्वतःच अर्धं निदान करून ठेवलेलं. म्हणाले, "दादा, हा कॉम्प्युटर एक खातो. दोन पण खातो, चार पण खातो. सहाला हात लावत नाही." त्यांनी वहीच्या मागच्या पानावर डब्याचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा असे दोन रकाने आखून लिहून ठेवले होते. खरं सांगतो, याच्याइतका चांगला बग रिपोर्ट मला बऱ्याच इंजिनिअरांनी दिलेला नाही. ते पान बघितल्यावर फार काही करायला उरलंच नव्हतं: १, २, ४, ७, ८ गायब होतात आणि ०, ३, ५, ६, ९ शाबूत राहतात, प्रत्येक वेळी, कुठल्याही स्थानावर. लूज केबल अशी निवड करत नाही.

आस्की कोडमध्ये (अक्षरांना नंबर द्यायची पद्धत) ० म्हणजे हेक्स (१६ च्या पायाने लिहिलेला) ३०, १ म्हणजे ३१, असं ३९ पर्यंत. यातल्या प्रत्येकात किती बिट "एक" आहेत ते मोजा. ३० मध्ये दोन. ३१ मध्ये तीन. ३२ मध्ये तीन, ३३ मध्ये चार, ३४ मध्ये तीन, ३५ आणि ३६ मध्ये चार-चार, ३७ मध्ये पाच, ३८ मध्ये तीन, ३९ मध्ये चार. विषम संख्या कुठे येते? १, २, ४, ७, ८. मुनीमजींची यादी. इंडिकेटर ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे इथे सेकंदाला किती बिट) ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप अशा सेटिंगवर पाठवत होता, म्हणजे एकांची संख्या विषम असेल तर आठवा बिट एक करून सम करायची. आणि कॉम्प्युटरकडची चिप ऐकत होती ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप. दोन्हीकडे स्टार्ट बिट धरून दहाच बिट होतात, त्यामुळे फ्रेमिंगची चूक येतच नाही, पॅरिटीचा बिट गुपचूप आठवा डेटा बिट होऊन बसतो. १ चा ३१ न राहता बी१ होतो, २ चा बी२, आणि पायथनचा प्रोग्रॅम आकडा आणि चिन्ह सोडून बाकी सगळं टाकून देत होता, कोणीतरी "कचरा आला तर" म्हणून लिहिलेली ओळ. ओळ संपल्याची खूण लाइन फीड, हेक्स ०ए, त्यात दोनच एक, म्हणून तीपण सुखरूप पोचायची आणि प्रोग्रॅमला ओळ पूर्ण आल्यासारखीच वाटायची. टेस्टला घेतलेले ३,५६० आणि ९,६५० दोन्ही नेमके शाबूत अंकांचेच निघाले, हा निव्वळ योगायोग, पण असल्या योगायोगानेच सिस्टिम लाइव्ह जातात.

पण प्रोग्रॅम तर पोर्ट उघडताना ७ बिट, इव्हन मागत होता. मग?

इथे जेनेरिक ड्रायव्हर म्हणजे काय ते बघावं लागतं. लिनक्समध्ये यूएसबी-सीरियलचा एक कोअर आहे, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला, आता योहान होव्होल्ड सांभाळतात. टीटीवाय लेयरशी (कर्नलमधला सीरियल पोर्टचा भाग) बोलणं, यूआरबी (यूएसबीवरच्या देवाणघेवाणीची पाकिटं) तयार करणं, बफर, वायर उपटली तर आवरासावर करणं, हे सगळं कोअर करतो. प्रत्येक चिपच्या ड्रायव्हरने फक्त आपल्या चिपचं वेगळेपण सांगायचं. बॉड रेट, पॅरिटी चिपला कशी कळवायची हे त्या वेगळेपणातलं पहिलं, आणि ते सेट-टर्मिऑस नावाच्या फंक्शनमध्ये असतं. जेनेरिकमध्ये ते फंक्शनच नाही, कारण चिप कुठली ते त्याला माहीत नाही. मग कोअर काय करतो, तुम्ही मागितलेलं सेटिंग बाजूला ठेवून जुनंच परत टर्मिऑसमध्ये, म्हणजे पोर्टच्या सेटिंगच्या नोंदीत, लिहितो, आणि जुनं म्हणजे डिफॉल्ट, ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही. चिपला काहीच कळवलं जात नाही, ती स्वतःच्या डिफॉल्टवर राहते; तेही ९६०० होतं म्हणून बॉड रेट जुळला, नशिबाने.

म्हणजे कर्नल खोटं बोलत नव्हता. एसटीटीवायने (पोर्टचं सेटिंग लावणारी कमांड) ७ बिट इव्हन लावून बघितलं तर तो सरळ सांगत होता की मागितलेलं सगळं करता आलं नाही. डी-मेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, तर ड्रायव्हर लागतानाच स्पष्ट ओळ येते की जेनेरिक ड्रायव्हर फक्त टेस्टिंग आणि एखाददुसऱ्या प्रोटोटाइपसाठी आहे. पण सेटिंग लावणाऱ्या टीसी-सेट-अ‍ॅट्रचा नियम असाय की मागितलेल्यातलं काहीही एक जमलं तरी तो यश कळवतो, सगळं जमलं का ते परत वाचून तुम्हीच तपासायचं असतं, आणि हे तपासणारे प्रोग्रॅम मी फार थोडे बघितलेत. सीरियलची लायब्ररी वापरणाऱ्याला तर हे माहीतही नसतं.

त्या दुपारी काटा चालू राहावा म्हणून प्रोग्रॅममध्येच प्रत्येक बाइटचा आठवा बिट उडवला. एक ओळ. सगळे आकडे बरोबर. शेठ म्हणाले झालं ना मग, ड्रायव्हर कशाला? रास्त प्रश्न होता. एकाच वखारीपुरतं असतं तर मीपण तिथेच थांबलो असतो, कारण आतल्या आत वितभर सीरियल वायर, तिथे पॅरिटी एरर येणार किती. दोन गोष्टींनी ते जमेना. एक, कॉम्प्युटरकडून इंडिकेटरला कमांडही जायच्या, झिरोसाठी झेड आणि टेअरसाठी (आधीचं वजन वजा करण्यासाठी) टी. झेड म्हणजे हेक्स ५ए, चार एक, पॅरिटी न लावताही सम, त्यामुळे झिरो चालायचं. टी म्हणजे ५४, तीन एक, इंडिकेटर ते फेकून द्यायचा, टेअर चालायचं नाही. तेही प्रोग्रॅममध्ये हाताने बिट लावून जमवता आलं असतं. पण दुसरं काही करून जमण्यासारखं नव्हतं: शेठच्या भावाच्या वखारीत तोच डबा २४०० बॉडवर लावलेला, सील असल्यामुळे सेटिंगला हात लावता येत नाही, आणि जेनेरिक ड्रायव्हरला बॉड रेट बदलताच येत नाही. बिट उडवता येतो, वेग उडवता येत नाही.

तर ड्रायव्हर. पहिला विचार अर्थातच असा की नवीन काही लिहायचंच नाही, आहे त्यातल्या कोणाला तरी हा आयडी चिकटवून बघायचा. पीएल२३०३ या नेहमीच्या यूएसबी-सीरियल चिपच्या ड्रायव्हरला दिला तर त्याने डिस्क्रिप्टरवरून (डिव्हाइस स्वतःची देते ती माहिती) चिपचा प्रकार ओळखायचा प्रयत्न केला, ओळखला नाही, "डिव्हाइस टाइप माहीत नाही, कृपया कळवा" असं लिहून बाजूला झाला. चांगलं केलं. अंदाजाने लागला असता तर आणखी एक अर्धवट चालणारी गोष्ट झाली असती.

मग चिपची भाषा शिकायची. डेटाशीट नाही, विंडोज ड्रायव्हर आहे. यासाठी माझी आवडती पद्धत: लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज, त्यात कंपनीचा ड्रायव्हर, यूएसबी डिव्हाइस पासथ्रू करून आत द्यायचं, आणि बाहेर होस्टवर यूएसबीमॉन मॉड्यूल लोड करून वायरशार्कमध्ये सगळं बघत बसायचं. आत विंडोज काय बोलतोय ते बाहेर अक्षर अन् अक्षर दिसतं. मात्र एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. आधी ९६००-८-नन-१, कॅप्चर. मग फक्त पॅरिटी बदल, कॅप्चर. मग फक्त बॉड. घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या की नंतर कुठला बाइट कोणाचा यावरून डोकं धरून बसायला लागतं.

निघालं ते ओळखीचंच. कंट्रोल ट्रान्सफर, रिक्वेस्ट टाइप हेक्स २१, रिक्वेस्ट २०, डेटा सात बाइट: ८० २५ ०० ०० ०० ०२ ०७. पहिले चार बाइट बॉड रेट, उलट्या क्रमाने, २५८० हेक्स म्हणजे ९६००. मग स्टॉप बिट, ० म्हणजे एक. मग पॅरिटी, २ म्हणजे इव्हन. मग ७ डेटा बिट. हे तर सीडीसीच्या सेट-लाइन-कोडिंगचं जसंच्या तसं रूप, पीएल२३०३ पण हेच सात बाइट वापरतो. क्लास एफएफ लावून आत हे ठेवायचं म्हणजे दाराला मोठं कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली.

ड्रायव्हर लहानच झाला. आयडी टेबल, पोर्ट एक, ओपन, क्लोज, सेट-टर्मिऑस, इंटरप्ट एंडपॉइंटचा कॉलबॅक, प्रोसेस-रीड-यूआरबी, आणि शेवटी मॉड्यूल रजिस्टर करणारा मॅक्रो. राइटचं फंक्शन लिहिलंच नाही, कोअरचं आपोआप लागतं. नवीन लोक इथे उत्साहाने स्वतःचं बफरिंग लिहितात, नका लिहू, कोअरमध्ये ते वीसेक वर्षं घासून झालंय. सात बाइटचा बफर स्टॅकवर ठेवून जुन्या पद्धतीने पाठवला तर कर्नल "ट्रान्सफर बफर स्टॅकवर आहे" म्हणून ओरडतो, कारण डीएमएला (मेमरीतून थेट डेटा उचलणं) स्टॅक चालत नाही. एक तर केमॅलॉकने वेगळी मेमरी घ्या, नाहीतर ५.१० पासून आलेलं कंट्रोल मेसेज सेंडचं नवं फंक्शन वापरा, ते स्वतः कॉपी करून घेतं.

लोड केला, एसटीटीवायने तक्रार केली नाही, चिपला गेट-लाइन-कोडिंग विचारलं तर तिने लिहिलेले सातही बाइट तंतोतंत परत दिले. आणि वायरवरून १ साठी अजून बी१ च येतोय.

इथे चांगलाच वेळ गेला. चिप हो म्हणते, परत विचारलं तरी हो म्हणते, करत मात्र नाही. शेवटी विंडोजचं कॅप्चर परत नीट लावून बघितलं तर प्रत्येक २० च्या पाठोपाठ एक २२ जात होती, सेट-कंट्रोल-लाइन-स्टेट, व्हॅल्यू ३, डीटीआर आणि आरटीएस या दोन कंट्रोल लाइन वर. मी ती रिक्वेस्ट फक्त ओपनमध्ये आणि तीही लाइन कोडिंगच्या आधी पाठवत होतो, जी स्टँडर्ड बघून कोणालाही ठीक वाटेल. ही चिप सात बाइट घेऊन रजिस्टरमध्ये ठेवते आणि पुढची २२ आल्यावरच यूएआरटीला, म्हणजे सीरियल वायरवर बिट टाकणाऱ्या भागाला, लावते. क्रम बदलला, लगेच ३१, ३२, ३४. तेव्हा वाचून परत मिळालेलं सेटिंग हा पुरावा धरू नका, वायरवरचा बाइट हा पुरावा.

सेट-टर्मिऑसमध्ये आणखी दोन-तीन गोष्टी आहेत ज्या न केल्या तरी ड्रायव्हर "चालतो". चिपला मार्क-स्पेस पॅरिटी (पॅरिटीचा बिट कायम एक किंवा कायम शून्य) येत नाही, मग कोणी मागितली तर तो फ्लॅग टर्मिऑसमधून काढून टाकायचा, म्हणजे वाचून बघणाऱ्याला कळतं. ५ आणि ६ बिट येत नाहीत, मग ८ करून परत लिहायचं. कंट्रोल ट्रान्सफर फेल झाली तर जुनं सेटिंग परत ठेवायचं. आणि "सेटिंग बदललंच नाही तर पाठवू नका" ही जी बचत बरेच ड्रायव्हर करतात ती करा, पण ओपनमधून बोलावताना जुनं टर्मिऑस नल द्या, म्हणजे काही झालं तरी एकदा पाठवलं जाईल. नाहीतर तुमच्या आणि चिपच्या डोक्यात वेगळं सेटिंग, आणि गाडी परत मूळपदावर.

पॅरिटी एररचं काय करायचं यावर पोराशी जरा वाद झाला. चिप लाइन स्टेटस इंटरप्ट एंडपॉइंटवर (यूएसबीची एक वाट) वेगळा पाठवते, डेटा बल्कवर (दुसरी वाट), त्यामुळे नक्की कुठल्या बाइटला एरर होती ते सांगता येत नाही. म्हणून स्टेटसमध्ये पॅरिटीची चूक दिसली की हातातल्या यूआरबीचे सगळे बाइट चुकीचे म्हणून टीटीवायला द्यायचे, पीएल२३०३ मध्येही तसंच आहे. पोराचं म्हणणं, इग्न-पार लावू, चुकलेले बाइट आपोआप गळतील. अरे बाबा, अंक गळणं हाच तर आजार होता! त्याऐवजी पार-मार्क लावलं, चुकलेल्या बाइटच्या आधी एफएफ ०० येतात, ते दिसलं की प्रोग्रॅम अख्खी ओळ टाकून देतो. इंडिकेटर सतत वजन पाठवत असतो, एक ओळ गेली तर पुढची आहेच. आणि त्या "कचरा टाका" ओळीची जागा कडक तपासणीने घेतली: चिन्ह, सहा अंक, केजी, ओळ संपली. यात बसलं नाही तर पावती नाही.

वायर उपटण्याची टेस्ट वेगळी करावीच लागते. वखारीत रात्री मेन स्विच बंद करतात, इंडिकेटर मरतो, मिनी पीसी यूपीएसवर चालूच. सकाळी डबा परत येतो, पण प्रोग्रॅमने जुना पोर्ट धरून ठेवला असेल तर नवा टीटीवाय-यूएसबी-वन म्हणून येतो. ड्रायव्हरमध्ये क्लोजला इंटरप्ट यूआरबी मारणं आणि कॉलबॅकमध्ये शटडाउनचा एरर आला की तो परत सबमिट न करणं एवढं सांभाळलं, बाकी कोअर बघतो. प्रोग्रॅमने हँगअप आला की पोर्ट सोडून परत उघडायचा, आणि नाव यूडेव्हच्या (डिव्हाइसला नाव देणारी सिस्टिम) नियमातून पक्कं करायचं. चिपमध्ये सीरियल नंबर नाहीये, त्यामुळे एकाच पीसीला असले दोन डबे लागले तर कुठल्या यूएसबी भोकात कुठला हे ठरवूनच द्यावं लागेल.

टेस्टसाठी मुनीमजींचीच वही वापरली. ० ते ९ सगळे अंक निदान एकदा तरी हजार, शतक आणि दशकाच्या जागी येईपर्यंत प्रत्येक गाडीचे दोन्ही आकडे लिहायचे, प्रत्येक गाडीला झेड आणि टी दोन्ही कमांड मारून बघायच्या. एककाची जागा सोडून दिली, हा काटा १० किलोच्या टप्प्यात चालतो, तिथे कायम शून्यच. भावाच्या वखारीत २४०० वर पहिल्या फटक्यात लागला.

चुकलेल्या पावत्यांचा हिशेब शेठनी स्वतः मिटवला. केबिनमधल्या सीसीटीव्हीत डब्याचे लाल आकडे दिसतात, त्यावरून पावत्या परत काढल्या, दोन पार्ट्या थोड्या कुरकुरल्या आणि मग चहा पिऊन गेल्या.

ड्रायव्हर सध्या डीकेएमएसने लावलेला आहे, म्हणजे कर्नल अपडेट झाला की परत बिल्ड होतो. भावाकडे अजून डेबियन ११ आहे, ५.१० वाला, आणि ६.१ पासून सेट-टर्मिऑसचा तिसरा आर्ग्युमेंट कॉन्स्ट झालाय, त्यामुळे एकाच फाइलमध्ये दोन्ही कर्नलसाठी व्हर्जन बघून फाटा ठेवावा लागला. मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ कोडमध्ये, पाठवायची फाइल वेगळी काढली आहे, त्यात असला फाटा चालत नाही, शिवाय स्वतंत्र ड्रायव्हर ठेवायचा की सात बाइट एकच म्हणून पीएल२३०३ मध्येच हा प्रकार घालायचा यावर मी स्वतः अजून अडलेलो आहे. २० नंतर २२ ही खोड नसती तर पीएल२३०३ मध्येच टाकला असता, पण त्या खोडीसाठी तिथल्या प्रत्येक चिपच्या वाटेत एक जादा अट येणार, म्हणून सध्यातरी कल वेगळ्या फाइलकडे आहे.